सांगली-साताऱ्यात घरावर सौरसंच बसवताना

पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे गाव २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले. त्याच वर्षी केंद्र सरकारने घरगुती छतांसाठी अनुदानाची ‘पीएम सूर्यघर’ ही नवी योजना आणली आणि टॉपकॉन, बायफेशियल, हाफ-कट, हायब्रीड ही पॅनेल-इन्व्हर्टरच्या नव्या प्रकारांची नावे कोटेशनच्या कागदावर सर्रास दिसू लागली. विक्रेता सहसा पॅनेलच्या कंपनीपासून बोलायला सुरुवात करतो. ग्राहकाने मात्र उलट्या टोकाने यावे: आधी वीजबिल, मग छत आणि त्यावरची सावली, आणि सर्वांत शेवटी तंत्रज्ञान. नव्या तंत्रांपैकी प्रत्येकाचा काही ना काही उपयोग आहे, परंतु तो प्रत्येक छतावर सारखा नसतो. मिरजेतील दुमजली घराला ज्याचा फायदा होईल, त्यासाठी जत किंवा मेढ्यातील माणसाने पैसे मोजावेतच असे नाही.

बिल समोर ठेवून क्षमता ठरवावी

महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो. त्यावरून पूर्ण बारा महिन्यांची बेरीज काढावी, कारण एकट्या मे महिन्याच्या बिलावरून क्षमता ठरवली तर संच विनाकारण मोठा होतो. आपल्या भागात सावली नसलेल्या छतावर एक किलोवॉटचा संच वर्षभराच्या सरासरीने दिवसाला साधारण चार युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिट वीज देतो. वर्षाचा वापर २,९०० युनिटच्या आसपास असेल, तर दोन किलोवॉट पुरतात. ४,३०० च्या आसपास असेल, तर तीन किलोवॉट.

ही सरासरी वर्षभर सारखी मिळत नाही. फेब्रुवारी ते मे या काळात उत्पादन भरपूर असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ते बरेच खाली येते. माण, खटाव, आटपाडी, जत या कमी पावसाच्या तालुक्यांत ही घट सौम्य असते. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे ती मोठी असते, कारण तिथे पावसाळ्यात दिवसचे दिवस धुके आणि ढग हटत नाहीत. घाटमाथ्याजवळच्या घरांनी म्हणूनच सरासरीपेक्षा कमी उत्पादन धरून चालावे.

दुसरी गोष्ट दराच्या टप्प्यांची. घरगुती वापराचे पहिले १०० युनिट सर्वांत स्वस्त असतात, १०१ ते ३०० चा टप्पा त्याहून महाग आणि ३०० च्या पुढचे टप्पे आणखी महाग. सौरसंचातून मिळणारे युनिट बिलातून वरच्या टप्प्याकडून वजा होत जातात, त्यामुळे ज्यांचा वापर महिन्याला ३०० च्या पुढे आहे त्यांचा पैसा लवकर वसूल होतो. ज्यांचा वापर ७०-८० युनिटच आहे त्यांनी, अनुदान मिळत असले तरी, घाई करू नये असे माझे मत आहे. शिवाय स्थिर आकार संच बसवल्यावरही भरावाच लागतो. ‘बिल शून्य होईल’ असे छातीठोक सांगणाऱ्याला हा एक प्रश्न जरूर विचारावा.

नेट मीटरचा हिशेबही समजून घ्यावा. दिवसा घरात न वापरलेली वीज महावितरणच्या वाहिनीत जाते, रात्री आपण तिथून वीज घेतो, आणि महिन्याअखेरीस फरकाचे बिल येते. जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा राहतात. परंतु आर्थिक वर्ष संपले, म्हणजे ३१ मार्च आला, की शिल्लक युनिटचा हिशेब मिटवला जातो आणि त्यांना मिळणारा दर आपण विकत घेत असलेल्या विजेच्या दरापेक्षा बराच कमी असतो. एप्रिल-मेमध्ये साठलेले युनिट पावसाळ्यात कामी येतात, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये साठलेल्यांना तेवढा वेळच मिळत नाही. गरजेपेक्षा मोठा संच बसवून वीज विकायचे मनसुबे घरगुती ग्राहकाला म्हणूनच परवडत नाहीत.

क्षमता ठरवण्यापूर्वी घरातले पंखेही मोजावेत. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॉट घेतो आणि बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा, पंखा ३० वॉटच्या आसपास. पाच पंखे दिवसाला दहा तास चालत असतील, तर ते बदलल्याने रोजचे सव्वादोन युनिट वाचतात, म्हणजे अर्ध्या किलोवॉटहून अधिक सौरसंचाचे काम पंखेच करून टाकतात. हे आधी करावे, मग पॅनेल मोजावीत.

सावली मोजण्याची रीत

पॅनेलच्या गुणवत्तेवरून जेवढी चर्चा होते, त्याच्या दहावा हिस्सा चर्चाही सावलीवर होत नाही, आणि उत्पादन बुडते ते बहुतेक वेळा सावलीमुळेच. गच्चीवर पाण्याची टाकी, जिन्याची खोली, डिश अँटेना आणि शेजाऱ्याचा नारळ एवढ्या गोष्टी जवळपास प्रत्येक घरी असतात.

सांगली सुमारे १६.८५ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि सातारा साधारण १७.७ अंशांवर. डिसेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांत सूर्य भरदुपारीही आकाशात जेमतेम पन्नास अंशांपर्यंत चढतो आणि सकाळी नऊ किंवा दुपारी तीनच्या सुमारास तो केवळ तीस अंशांवर असतो. त्या वेळी कोणत्याही वस्तूची सावली तिच्या उंचीच्या सुमारे पावणेदोनपट लांब पडते. पाच फूट उंच टाकी असेल, तर तिची सावली सकाळी नऊ वाजता वायव्येकडे आणि दुपारी तीन वाजता ईशान्येकडे साडेआठ फुटांपर्यंत जाते. टाकी पॅनेलच्या दक्षिणेला असेल, तर हे अंतर सोडलेच पाहिजे. टाकी उत्तरेला हलवता येत असेल, तर प्लंबरचा खर्च पॅनेलवरच्या जादा खर्चापेक्षा कितीतरी कमी येतो.

उत्तरेच्या बाजूकडे मात्र पूर्ण दुर्लक्ष करू नये. मेच्या पहिल्या पंधरवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर असण्याचा दिवस, येतो आणि तेव्हापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भरदुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. पॅनेलना अगदी चिकटून उत्तरेला उंच भिंत असेल, तर तिची थोडी सावली या काळात पॅनेलवर येते. हात-दीड हात अंतर सोडले की हा प्रश्न उरत नाही.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून १५ ते १८ अंशांच्या उतारात बसवावीत. दोन रांगा लावायच्या असतील आणि सुमारे सव्वादोन मीटर लांबीचे पॅनेल १५ अंशांत उभे लावले असेल, तर त्याची वरची कड खालच्या कडेपेक्षा जवळपास दोन फूट उंच असते. मागच्या रांगेवर हिवाळ्यात नऊ ते तीन या वेळेत सावली येऊ नये यासाठी दोन रांगांमध्ये दोन ते अडीच फूट मोकळी जागा पुरते. दक्षिणेची जागा अपुरी असल्यास पूर्व-पश्चिम मांडणीही चालते. आपल्या अक्षांशावर तिचे नुकसान फार नसते आणि सकाळ-संध्याकाळचे उत्पादन उलट जरा वाढते.

नव्या पॅनेलमध्ये नवे काय आहे

पहिला व्यवहारोपयोगी सिलिकॉन सौरघट, म्हणजे पॅनेलमध्ये उन्हापासून वीज तयार करणारा छोटा तुकडा, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ मध्ये तयार झाला. त्याची कार्यक्षमता, म्हणजे पडलेल्या उन्हापैकी वीज होणारा हिस्सा, सहा टक्क्यांच्या आसपास होती. दहा-बारा वर्षांपूर्वी आपल्याकडे सर्रास बसवली जाणारी निळसर पॉलिक्रिस्टलाइन पॅनेल १६-१७ टक्क्यांची होती. त्यानंतर काळसर मोनो पर्क पॅनेल आली, ती २० ते २१ टक्क्यांवर गेली, आणि आता टॉपकॉन पॅनेल २२ टक्क्यांच्या पुढे आहेत. कार्यक्षमता वाढली याचा घरगुती ग्राहकासाठी सरळ अर्थ एवढाच की तेवढ्याच जागेत जास्त वॉट बसतात. तीन किलोवॉटसाठी आता साधारण ५४०-५५० वॉटची सहा पॅनेल पुरतात आणि त्यांचे स्वतःचे क्षेत्रफळ १७० चौरस फुटांच्या आतच असते. ज्यांची गच्ची ऐसपैस आहे त्यांना या टक्क्यांचा विशेष उपयोग नाही; ज्यांची जागा मोजकी आहे त्यांना आहे.

टॉपकॉनचे खरे महत्त्व आपल्या उन्हाळ्यात आहे. पॅनेलचे वॉट हे पॅनेलचे तापमान २५ अंश असताना मोजलेले असतात. एप्रिलमध्ये मिरज-तासगावकडच्या गच्चीवर पॅनेलची काच ६५ अंशांपर्यंत सहज तापते, म्हणजे मोजणीपेक्षा ४० अंश वर. पर्क पॅनेलची शक्ती दर अंशामागे सुमारे ०.३५ टक्के घटते, टॉपकॉनची सुमारे ०.३० टक्के आणि हेटरोजंक्शन या आणखी एका नव्या प्रकाराची ०.२५ टक्क्यांच्या आसपास. चाळीस अंशांवर हिशेब केला तर पर्कची घट १४ टक्के, टॉपकॉनची १२ टक्के आणि हेटरोजंक्शनची १० टक्के होते. तीन किलोवॉटच्या संचात पर्क आणि टॉपकॉन यांच्यातला हा फरक साठ वॉटचा आहे. दोन्हींच्या किमतीत किरकोळ अंतर असेल, तर टॉपकॉन घ्यावे. अंतर मोठे असेल, तर तेवढ्याच पैशात पर्कचे एक पॅनेल जादा बसवलेले बरे. पॅनेलखालून वारा खेळता राहील अशी मोकळी जागा ठेवली की तापमान आपोआप काही अंश कमी राहते आणि त्याला पैसे पडत नाहीत. पत्र्याला चिकटवून बसवलेली पॅनेल सर्वांत जास्त तापतात.

टॉपकॉनचा आणखी एक फायदा कागदावर दिसत नाही तो वर्षांनी दिसतो. पर्क पॅनेलची क्षमता पहिल्या वर्षी दोन टक्के आणि पुढे दरवर्षी अर्ध्या टक्क्याहून थोडी जास्त घटेल असे धरून हमी दिली जाते. टॉपकॉनमध्ये हे आकडे साधारण एक टक्का आणि ०.४ टक्के असतात, आणि हमी पंचवीसऐवजी बहुधा तीस वर्षांची असते. ही हमी उत्पादनक्षमतेची आहे. पॅनेलच्या बनावटीतील दोषाची हमी वेगळी आणि बहुधा बारा वर्षांची असते, त्यामुळे ‘तीस वर्षांची गॅरंटी’ म्हणताना विक्रेता कोणत्या हमीबद्दल बोलत आहे हे लेखी घ्यावे.

हाफ-कट रचनेत प्रत्येक सौरघट मधोमध कापून पॅनेलचे वरचा आणि खालचा असे दोन स्वतंत्र भाग केलेले असतात. सौरघटातून वाहणारा प्रवाह निम्मा झाल्यामुळे तारांमध्ये उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा चौथाईवर येते. सावलीच्या बाबतीतही फायदा होतो: उभ्या लावलेल्या जुन्या पॅनेलच्या खालच्या कडेवर कठड्याची सावली आली की त्याचे उत्पादन जवळपास थांबत असे, हाफ-कटमध्ये वरचा अर्धा भाग काम करत राहतो. आज मिळणारी बहुतेक सर्व मोठी पॅनेल हाफ-कटच असतात, त्यामुळे त्यासाठी जादा पैसे मागणाऱ्याकडे संशयाने पाहावे.

बायफेशियल पॅनेल मागच्या बाजूनेही प्रकाश घेतात. मात्र मागे प्रकाश पोहोचला तरच. स्लॅबपासून फूटभर उंचीवर, काळवंडलेल्या गच्चीवर ती बसवली तर मागची बाजू अंधारातच राहते. संच सात-आठ फूट उंच मांडवासारखा उभा करणार असाल आणि खालच्या स्लॅबला पांढरा चुना किंवा उष्णतारोधक पांढरा रंग देणार असाल, तर जादा उत्पादन मिळते आणि खालची खोलीही थंड राहते. वाळवण, पापड-कुरडयांसाठी गच्ची मोकळी हवी असणाऱ्या घरांना ही उंच मांडणी तशीही सोयीची पडते.

पेरोव्स्काइट या सौरघटाच्या नव्या पदार्थाची बातमी वाचून थांबून राहू नये. या पदार्थाचा सौरघट जपानमध्ये २००९ मध्ये केवळ ३.८ टक्के कार्यक्षमतेचा होता; सिलिकॉनवर पेरोव्स्काइटचा थर देऊन केलेल्या जोडघटाने २०२४ मध्ये चीनच्या लाँगी कंपनीच्या प्रयोगशाळेत ३४.६ टक्के गाठले. एकट्या सिलिकॉनची सैद्धांतिक मर्यादा २९.४ टक्के आहे, त्यामुळे ही प्रगती खरोखर मोठी आहे. अडचण टिकाऊपणाची आहे. ओलावा आणि उष्णता या दोन गोष्टी पेरोव्स्काइटला सोसत नाहीत आणि आपल्याकडे त्या दोन्ही भरपूर आहेत.

लाइट गेल्यावर काय होते

घरावर वीज तयार होत असताना लाइट गेली की घर अंधारात का जाते, हा प्रश्न संच बसवल्यानंतर विचारला जातो; तो आधी विचारायला हवा. पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र म्हणजे इन्व्हर्टर. साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर महावितरणच्या विजेला जोडून चालतो आणि ती बंद झाली की स्वतः क्षणात बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या घरातून गेलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ही व्यवस्था सक्तीची आहे. सांगली-सातारा शहरांत, जिथे लाइट थोडा वेळच जाते, तिथे ऑन-ग्रिड संच पुरेसा आहे. वाडी-वस्तीवर, जिथे वळवाच्या पावसात तार तुटली की दुरुस्तीला रात्र उलटते, तिथे हायब्रीड, म्हणजे बॅटरी जोडून लाइट गेल्यावरही चालणारा, इन्व्हर्टर आणि बॅटरीचा विचार करावा.

बॅटरी घ्यायचीच असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची घ्यावी. पाणी भरायच्या जुन्या शिसे-आम्ल बॅटरीतील निम्मीच ऊर्जा वापरणे तिच्या आयुष्यासाठी बरे असते. लिथियम आयर्न फॉस्फेटमधील ८० ते ९० टक्के वापरता येते आणि ती हजारो वेळा भरता-रिकामी करता येते. पाच युनिट साठवणारी बॅटरी असेल आणि तिच्यावर फ्रीज, तीन बीएलडीसी पंखे, चार दिवे आणि वायफाय एवढेच जोडले, तर भार सरासरी दोनशे वॉटच्या आसपास राहतो आणि रात्र आरामात निघते. पाण्याची मोटर, गीझर आणि इस्त्री या लाइनवर जोडू नयेत. वायरमनला आधीच या लाइनसाठी स्वतंत्र डीबी (वीजवाटपाची पेटी) काढायला सांगावी. सरकारी अनुदान सौरसंचाला आहे, बॅटरीला नाही, हेही लक्षात ठेवावे.

मायक्रोइन्व्हर्टर म्हणजे प्रत्येक पॅनेलखाली छोटा स्वतंत्र इन्व्हर्टर. पॅनेल वेगवेगळ्या दिशांना असतील किंवा सावली टाळताच येत नसेल, तर त्याचा खर्च सार्थकी लागतो. मोकळ्या छतावर त्याची गरज नाही.

बसवण्याचे काम करून घेताना

सांगाडा गरम जस्तलेपन केलेल्या लोखंडाचा असावा आणि जस्ताचा थर ८० मायक्रॉनचा असल्याचे कोटेशनमध्ये लिहून घ्यावे. नुसता चंदेरी रंग दिलेला अँगल दोन पावसाळ्यांत गंजू लागतो. एप्रिल-मेमधल्या वळवाच्या वादळात पत्रे उडतात ते आपण दरवर्षी पाहतो. पॅनेल त्या पत्र्यांहून अधिक वारा धरतात. पाय स्लॅबमध्ये अँकर बोल्टने घट्ट करून त्यावर काँक्रीटचे ठोकळे घालून घ्यावेत आणि भोक पाडलेल्या जागी जलरोधक लेप लावल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानू नये.

सांगलीकरांनी इन्व्हर्टरच्या जागेकडे विशेष लक्ष द्यावे. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, तर तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ मध्येही पाणी शहरात आले. इन्व्हर्टरवर आयपी ६५ लिहिलेले असले, तरी तो पावसाच्या माऱ्यापासून वाचतो, पाण्यात बुडून वाचत नाही. पूररेषेतील घरांनी तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये तो बसवू देऊ नये. जिन्याच्या खोलीच्या उत्तरेच्या भिंतीवर, सावलीत, तो सुरक्षितही राहतो आणि थंडही. पूर ओसरल्यावर मेन स्विच बंद आहे म्हणून सौरसंचाच्या तारांना हात लावणे जिवावर बेतू शकते. उजेड असेपर्यंत पॅनेल वीज तयार करतच असतात, आणि सहा पॅनेलच्या साखळीत सुमारे तीनशे व्होल्टचा एकदिश दाब असतो. बसवणाऱ्या तंत्रज्ञाला बोलावूनच तपासणी करून घ्यावी.

अर्थिंग तीन वेगवेगळे हवेत: पॅनेल व सांगाड्यासाठी एक, इन्व्हर्टरच्या बाजूसाठी दुसरे आणि आकाशातली वीज पडण्यापासून वाचवणाऱ्या वीजरोधकासाठी तिसरे. जत, कवठेमहांकाळकडच्या मुरमाड, कोरड्या जमिनीत अर्थिंगचा रोध जास्त येतो, म्हणून खड्ड्यात रासायनिक भरणा करून घ्यावा आणि मीटर लावून आकडा आपल्यासमोर दाखवायला सांगावे. डीसी (पॅनेलची) व एसी (घराची) या दोन्ही बाजूंना सर्ज प्रोटेक्शन, म्हणजे अचानक वाढलेला विजेचा दाब अडवणारे साधन, असल्याची खात्री करावी.

अनुदान आणि कागदपत्रे

पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटसाठी १८,००० रुपये अनुदान आहे. तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला मिळून कमाल ७८,००० रुपये. गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये मिळतात. अनुदान हवे असेल, तर पॅनेल आणि त्यातील सौरघट दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात. विक्रेत्याकडून तसे प्रमाणपत्र घ्यावे आणि पॅनेलवरचे क्रमांक त्याच्याशी जुळवून पाहावेत. अर्ज योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर महावितरणचा ग्राहक क्रमांक टाकून करायचा असतो, नोंदणीकृत विक्रेता निवडायचा असतो आणि नेट मीटर बसून तपासणी झाल्यावर रक्कम थेट बँक खात्यात येते. दहा किलोवॉटपर्यंतच्या संचाला २०२४ पासून वेगळ्या तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची अट राहिलेली नाही.

आपल्याकडे अर्ज अडतो तो बहुतेकदा मीटरवरच्या नावाशी. मीटर आजोबांच्या नावावर, घर वडिलांच्या नावावर आणि बँक खाते मुलाचे, अशी स्थिती गावोगावी आहे. संचाचे पैसे भरण्यापूर्वी मीटरवरचे नाव बदलून घ्यावे. त्यासाठी वारसाचे कागद लागतील ते आधी जमवावेत.

कोटेशनांची तुलना एकूण रकमेवर न करता प्रति वॉट दरावर करावी, कारण एकाचा ‘तीन किलोवॉट’ ३,००० वॉटचा आणि दुसऱ्याचा ३,३०० वॉटचा असू शकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, तेव्हा कोटेशनमधला कर नव्या दराने लावला आहे ना, हेही पाहावे.

शेतात आणि बेदाणा शेडवर

मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के हिस्सा भरायचा असतो. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५ एचपी आणि त्यापुढे ७.५ एचपीचा पंप मिळतो. एचपी जमिनीवर ठरत असली, तरी पाणी निघते ते खोलीवर. आटपाडी-जतकडच्या खोल बोअरवर लहान पंप थेंबथेंब पाणी देतो, म्हणून पाण्याची पातळी उन्हाळ्यात मोजून मगच पंपाचा हेड, म्हणजे पाणी किती उंच चढवायचे ते, ठरवावा. ज्यांच्याकडे चालू वीजजोडणी आहे आणि साडेसात एचपीपर्यंतच्या मोफत विजेचा लाभ मिळतो, त्यांना बदलाची घाई नाही. ज्यांना जोडणीच मिळालेली नाही किंवा रात्री दारे धरायला जावे लागते, त्यांच्यासाठी मात्र हा पंप मोठी सोय आहे.

ढग आले की पंपाचा दाब पडतो आणि द्राक्षबागेतील ठिबकच्या शेवटच्या ओळीला पाणी पोहोचत नाही. शेततळे असेल, तर दिवसभर त्यात पाणी उचलावे आणि ठिबक त्यातून चालवावे. शेतीसाठी बॅटरीपेक्षा ही साठवण कितीतरी स्वस्त आहे. पंप वर्षातून बरेच दिवस बंदच असतो, अशा वेळी बहुउपयोगी कंट्रोलर बसवला असेल, तर त्याच पॅनेलवर कडबाकुट्टी किंवा पिठाची गिरणी चालवता येते.

बेदाण्याच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. हिरवा बेदाणा शेडमध्ये सावलीतच वाळवतात, कारण थेट उन्हात मणी तांबूस पडतो आणि दर उतरतो. पारदर्शक छताचा सौर वाळवणी बोगदा म्हणूनच हळद, मिरची, शेवगा-पाला यांना चांगला असला तरी हिरव्या बेदाण्याला योग्य नाही. त्यासाठी बाजूच्या काळ्या संग्राहकात हवा गरम करून ती पंख्याने शेडच्या रॅकमध्ये सोडणारी अप्रत्यक्ष पद्धत वापरावी. मार्चमधल्या अवकाळीत हवा दमट झाली की याच गरम हवेने माल वाचतो. शीतगृहे आणि कारखान्यांना अनुदान नसले, तरी त्यांचा दिवसाचा वापर मोठा असल्याने संच लवकर फिटतो.

देखभाल

नोव्हेंबर ते मार्च हा साखर कारखान्यांचा गळीत हंगाम, आणि नेमका तोच काळ बिनपावसाचा. वाळवा, कराड, पलूसकडे कारखान्याच्या चिमणीच्या वाऱ्याच्या दिशेला राहणाऱ्यांच्या गच्चीवर सकाळी काळ्या काजळीचे तुकडे पडलेले असतात. ही काजळी कोरड्या फडक्याने पुसू नये. ती चिकट असते, काचेवर फासली जाते आणि चरेही पडतात. आधी भरपूर पाणी सोडून ती भिजवावी आणि मग मऊ, लांब दांड्याच्या पुसण्याने वरून खाली ओढावी. या हंगामात दर आठ-दहा दिवसांनी, इतरत्र पंधरा-वीस दिवसांनी धुणे पुरते. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने धुतल्यास वाळल्यावर पांढरे डाग राहतात, म्हणून शेवटचे पाणी नळाचे किंवा साठवलेल्या पावसाचे असावे. धुण्याची वेळ सूर्योदयाच्या सुमाराची. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये आणि पॅनेलवर पाय तर कधीच देऊ नये, कारण काच शाबूत दिसली तरी आतल्या घटांना तडे जातात.

इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये रोजचे उत्पादन दिसते, परंतु रोजच्या आकड्यावरून काही कळत नाही. दर महिन्याच्या एक तारखेला एकूण युनिट वहीत लिहावेत आणि गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहावेत. दहा टक्क्यांहून अधिक घट दिसली, तर आधी धूळ, मग नव्याने वाढलेल्या झाडाची सावली, मग तारांचे जोड या क्रमाने तपासावे. अनुदानाच्या संचाची पाच वर्षांची देखभाल विक्रेत्यावर बंधनकारक असते, म्हणून तक्रार फोनवर न करता लेखी करावी आणि तिची पोच जपून ठेवावी. मार्चच्या बिलात शिल्लक युनिट किती दाखवले आहेत आणि एप्रिलच्या बिलात त्यांची रक्कम जमा झाली का, हे दरवर्षी न चुकता पाहावे.